चकाचक गाडी घ्यावी की बिलांची फाईलवाली?

प्रश्न : नमस्कार. सेकंडहँड गाडी घ्यायचीये आणि त्यावरून घरात दोन पार्ट्या पडल्यात. दोन गाड्या शॉर्टलिस्ट केल्यात, दोन्ही एकाच मॉडेलच्या, पेट्रोल, मॅन्युअल, सात वर्षं जुन्या, किंमतही जवळपास सारखीच सांगतायत. पहिली एकदम चकाचक, ४८,००० किमी चाललेली, अलॉय व्हील, नवीन सीट कव्हर, बॉनेट उघडलं तर इंजिनपण लखलखीत. पण सर्व्हिसचं विचारलं की मालक म्हणतो, ओळखीच्या मेकॅनिककडे करत होतो, बिलं कोण ठेवत बसतं. दुसरी ९२,००० चाललीये, छताचा आणि बॉनेटचा रंग उडालाय, मागच्या दाराला पोचा, बंपरला ओरखडे, आतून ठीकठाक. पण तिच्या मालकीणबाईंनी पहिल्या सर्व्हिसपासूनची सगळी बिलं फाईलला लावून ठेवलीत. बायको आणि मुलगा पहिलीवर फिदा आहेत, मुलगा म्हणतो बाबा निम्मं रनिंग आहे, जरा डोकं चालवा. मला दुसरी घ्यावीशी वाटते पण ते छत बघितलं की माझाच धीर सुटतो. काय करू?

उत्तर : दुसरी घ्या. म्हणजे आधी भरवशाच्या मेकॅनिकला दाखवून घ्या, पण मला विचाराल तर दुसरीच, आणि मुलाला सांगा की हे डोकं चालवूनच सांगितलंय.

चकाचकपणा दोन दिवसांत आणता येतो हो. डिटेलिंगवाल्याकडे गाडी टाकायची, रबिंग-पॉलिश, आतून शॅम्पू, टायरला काळं, इंजिन धुवून वरून चकाकीचा स्प्रे, की सात वर्षांची गाडी दोन वर्षांची दिसायला लागते. यात फसवणूक आहे असं मी म्हणत नाही, विकायला काढलेली वस्तू माणूस पुसणारच. पण सात वर्षं वेळेवर बदललेलं ऑइल दोन दिवसांत कुठून आणणार? ऑइल वेळेवर बदललं नाही की ते हळूहळू दाट होतं, गाळ धरतो, इंजिनातल्या बारीक वाटा बुजायला लागतात, वरच्या भागापर्यंत ऑइल नीट पोचत नाही आणि झीज सुरू होते. एकदा झिजलं की झिजलं, नंतर कितीही महागातलं ऑइल टाका तो धातू परत येत नाही. रंग मात्र कधीही परत मारता येतो, पाच वर्षांनी मारला तरी चालतो, नाही मारला तरी गाडी तेवढीच पळते.

आता ते निम्म्या रनिंगचं. सात वर्षांत ४८,००० म्हणजे वर्षाला ७,००० पण नाही. अशी गाडी बहुतेक वेळा जवळजवळच्या फेऱ्यांना वापरलेली असते, आणि छोट्या फेरीत इंजिन पूर्ण तापत नाही, मग थोडं पेट्रोल आणि पाण्याची वाफ ऑइलमध्येच राहते आणि ऑइल किमी न होताही खराब होतं. म्हणून तर कंपन्या अमुक किमी किंवा अमुक महिने, यातलं जे आधी होईल ते असं लिहितात, साधारण १०,००० किमी किंवा एक वर्ष धरा, तुमच्या मॉडेलचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये असतो. पहिल्या गाडीच्या मालकाने नुसता किमीचा हिशोब धरला असेल तर सात वर्षांत ऑइल चारदा बदललं, वर्षाचा धरला असेल तर सातदा. चारदा की सातदा की दोनदाच, ते कळायला तुमच्याकडे त्याच्या शब्दाशिवाय काहीच नाहीये.

आणि हे झालं फक्त ऑइल. नुसत्या वेळेने खराब होणाऱ्या गोष्टी अजून बऱ्याच आहेत ज्यांच्याकडे लोक बघतच नाहीत. ब्रेक फ्लुइड घ्या. ते हवेतली ओल शोषून घेतं. डीओटी ४ प्रकारचं नवीन असताना किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये असा नियम आहे, ओल शोषल्यावर तीच मर्यादा १५५ वर येते. लांब उतारावर सतत ब्रेक दाबले की ते चांगलंच तापतं, जुनं फ्लुइड उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पाय थेट तळाला जातो. म्हणून ते साधारण दोन वर्षांनी बदलतात, म्हणजे सात वर्षांच्या गाडीत तीनदा बदललेलं असायला हवं. कूलंटचं, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचं, तसंच, त्यातलं गंज रोखणारं रसायन काही वर्षांत संपतं, मग रेडिएटर आणि वॉटर पंप आतून खायला सुरुवात. आणि इंजिनातल्या पिस्टन आणि व्हॉल्व्हची वेळ जुळवून ठेवायला तुमच्या मॉडेलला टायमिंग बेल्ट आहे का चेन ते आधी बघा. बेल्ट असेल तर तो ठराविक किमीला किंवा ठराविक वर्षांनी बदलावाच लागतो, आणि बऱ्याच इंजिनांत तो चालत्या गाडीत तुटला तर पिस्टन जाऊन व्हॉल्व्हवर आदळतात आणि इंजिन उघडण्याशिवाय पर्याय राहत नाही. चेन असेल तर ती सहसा बदलावी लागत नाही पण ऑइलची हयगय झाली की तीपण सैल पडते.

मग करा काय, तर दोन कागद करा. पहिल्या गाडीसाठी मेकॅनिकला विचारा की हिच्यात काहीच केलेलं नाही असं धरून सगळं नव्याने सुरू करायचं तर खर्च किती, म्हणजे सगळी ऑइलं, फ्लुइडं, फिल्टर, प्लग, बेल्ट असेल तर बेल्ट, टायर जुने असतील तर टायर. दुसरीसाठी डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडून छत, बॉनेट, दार यांचा अंदाज घ्या, आणि फाईलमध्ये जे झालेलं नाही त्याचा खर्च त्यात धरा. दोन्ही आकडे आपापल्या किमतीत मिळवा आणि बायको-मुलापुढे ठेवा. एक मात्र लक्षात ठेवा, पहिल्या गाडीचा खर्च तुम्हाला घेतल्या घेतल्या करायचाय. दुसरीचं छत तुम्ही वाटेल तेव्हा करू शकता, तसंही गाडीत बसल्यावर आपलं छत आपल्याला दिसत नाही.

फाईल जाड आहे म्हणून मात्र हुरळून जाऊ नका, ती वाचा. मी तर म्हणतो घरी आणून वाचायला मिळते का विचारा, फोटो काढून आणा. तारखा आणि किमी एकमेकांना धरून वाढतायत का, मध्येच दीड वर्षाची भगदाडं आहेत का. एकच तक्रार परत परत येतेय का, म्हणजे समजा तीन वेगवेगळ्या बिलांवर कूलंट टॉप-अप दिसलं तर ते कुठेतरी जातंय आणि कुठे जातंय ते अजून कोणी शोधलेलं नाही. अपघाताच्या कामाचं बिल सापडलं तर घाबरू नका, काय काय बदललं ते बघा, बंपर-हेडलाईट असेल तर सोडून द्या, चासीचं म्हणजे गाडीच्या सांगाड्याचं किंवा पुढच्या क्रॉस मेंबरचं म्हणजे त्यातल्या आडव्या पट्टीचं काम असेल तर मेकॅनिकला तिथेच नीट बघायला लावा. सीट कव्हर, म्युझिक सिस्टीम, वॉशिंग यांची बिलं बाजूला काढा, त्याने फाईल फुगते पण ते मेंटेनन्स नाही. आणि नुसते शिक्के मारलेलं सर्व्हिस बुक असेल तर त्याला मी बिलाच्या बरोबरीने धरत नाही. सगळे शिक्के एकाच शाईचे, सह्या एकाच पेनने, असं दिसलं तर ते बुक बाजूलाच ठेवा. कंपनीच्या वर्कशॉपला चासी नंबर देऊन रेकॉर्ड मागता येतं, मालकीणबाई सोबत असतील किंवा त्यांची परवानगी असेल तर सहसा अडचण येत नाही.

पहिल्या गाडीच्या मालकावर अन्याय नको म्हणून हेही सांगतो, ओळखीचा मेकॅनिक ही काही वाईट गोष्ट नाहीये. उत्तम काम करणारे लोक असतात, बिल देत नाहीत एवढंच. तर त्या मेकॅनिकचा नंबर मागा. नंबर लगेच मिळाला, त्याने गाडी ओळखली, मागच्या वर्षी क्लच केला होता वगैरे दोन गोष्टी स्वतःहून सांगितल्या, तर तीपण हिस्ट्रीच झाली. नंबर द्यायलाच टाळाटाळ झाली तर काय समजायचं ते समजा. आणि ते ४८,००० खरेच आहेत का तेपण बघा. नवीन सीट कव्हर वर करून ड्रायव्हरच्या सीटची दाराकडची कड बघा, चढता-उतरता ती घासते, ब्रेक आणि क्लचच्या पेडलचं रबर बघा, स्टिअरिंग आणि गिअरची नॉब किती गुळगुळीत झालीये ते बघा. ४८,००० ला पेडलचं रबर सपाट झालं असेल तर आकडा खोटा असू शकतो, मग गाडी कितीही चमकू दे.

आता दिसण्याची दुसरी बाजू, कारण दिसणं अगदीच बिनकामाचं आहे असं नाही, फक्त चमक बघायची नाही, खुणा बघायच्या. छताचा-बॉनेटचा रंग उडणं म्हणजे उन्हाने वरचा पारदर्शक थर गेलाय, दिसायला वाईट पण खाली पत्रा शाबूत असेल तर चिंता नाही. गंज मात्र दिसण्याची बाब नाही. दाराखालचा उंबरा, चाकाच्या कमानीच्या आतली बाजू, कार्पेटखालचा तळ, सस्पेन्शन जिथे बॉडीला बसतं ती जागा, इथे पत्रा खाल्लेला दिसला तर ती गाडी सोडा, फाईल कितीही सुंदर असो. दोन्ही गाड्यांना हा नियम सारखाच. खालच्या बाजूला ताजं काळं कोटिंग मारलेलं दिसलं तर ते कशाच्या वर मारलंय ते विचारा. रंगाची जाडी मोजायचं छोटं मशीन मिळतं, कंपनीचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉनच्या आसपास असतो, एखाद्या दारावर एकदम दुप्पट-तिप्पट आलं तर ते परत रंगवलंय आणि हजाराच्या वर गेलं तर आत पुट्टी आहे. मशीन नसेल तर दारांच्या फटी बघा, दोन्ही बाजूंना सारख्या आहेत का, दाराच्या रबरावर रंगाचे शिंतोडे आहेत का, फेंडरच्या बोल्टवरचा रंग पाना लागून उडालाय का. आणि ते लखलखीत इंजिन, ते मला नाही आवडलं. धुळकट कोरडं इंजिन बरं, कुठे गळतंय ते दिसतं तरी. धुतलेलं इंजिन अर्धा तास गाडी चालवून आल्यावर परत उघडून बघा, खाली कागद पसरून बघा.

प्रश्न : मी उलट्या बाजूने विचारतेय. माझी नऊ वर्षांची गाडी विकायचीये. इंजिन उत्तम आहे, सर्व्हिस वेळच्या वेळी केलीये, पण रंग जागोजागी गेलाय. भाऊ म्हणतो, ताई, आधी फुल बॉडी पेंट करून घे, मग चांगली किंमत येईल. करू का?

उत्तर : नका करू. फुल पेंटचा खर्च किमतीतून वसूल होणं कठीण, आणि वर जाणकार गिऱ्हाईक नऊ वर्षांच्या गाडीवर ताजा रंग बघून पहिला प्रश्न हाच विचारतो की खाली काय लपवलंय. तुमच्याकडे लपवण्यासारखं काही नाही तर संशय विकत कशाला घेताय? भावाला म्हणावं तो खर्च दुसरीकडे कर. आतून-बाहेरून स्वच्छ धुवून घ्या, पिवळ्या पडलेल्या हेडलाईट पॉलिश करून घ्या, त्याने गाडीचा चेहरामोहरा स्वस्तात बदलतो, एखादा बल्ब गेला असेल, वायपर फाटला असेल, डॅशबोर्डवर कुठला दिवा जळत असेल तर ते नीट करून घ्या. दिवा नीट करून घ्या म्हणजे बिघाड नीट करून घ्या हं, स्कॅनर लावून नुसता दिवा घालवू नका. गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेला बिघाडाचा कोड पुसला की त्या कॉम्प्युटरच्या सेल्फ-टेस्टपण शून्यावर येतात आणि समोरच्याने ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर वाचायचं यंत्र, लावलं तर त्या अपुऱ्या दिसतात, मग हे काल-परवाच पुसलंय हे त्याला कळतं.

आणि बिलं शोधा. घरात नसतील तर वर्कशॉपमधून जुनं रेकॉर्ड काढून आणा, तारखेप्रमाणे लावा, वर एका कागदावर मोठी कामं लिहा की क्लच कधी, बॅटरी कधी, टायर कधी. याची किंमत कशी येते ते एका अर्थशास्त्रज्ञाने फार छान सांगितलंय. जॉर्ज अकरलॉफ, त्यांनी १९७० मध्ये नेमका जुन्या गाड्यांचाच बाजार उदाहरणाला घेऊन दाखवलं की गिऱ्हाइकाला चांगली गाडी आणि भंगार गाडी यातला फरक कळत नसेल तर तो सगळ्यांनाच मधली किंमत देऊ करतो, मग चांगल्या गाडीच्या मालकाला ते परवडत नाही, तो विकतच नाही आणि बाजारात खराब मालच जास्त उरतो. २००१ चं अर्थशास्त्राचं नोबेल दोघा सहकाऱ्यांबरोबर त्यांना मिळालं ते याच धाटणीच्या कामाला. तर तुमची गाडी त्या मधल्या किमतीच्या वर न्यायची असेल तर समोरच्याला फरक दाखवता आला पाहिजे, आणि रंगाने तो दाखवता येत नाही कारण रंग तर भंगारवालापण मारतो. रंग कुठे गेलाय त्याचे फोटो जाहिरातीतच टाका, नाहीतर लोक येऊन तेवढ्यावरूनच घासाघीस करत बसतील.

प्रश्न : ओळखीच्या एका आजोबांची गाडी मिळतेय. दहा वर्षांत फक्त १९,००० किमी, शेवटची दोन वर्षं कव्हर घालून उभी. दिसायला शोरूममधून काढल्यासारखी, आणि त्याआधीचे सर्व्हिसचे सगळे कागद आहेत. म्हणजे दिसणंही आहे आणि हिस्ट्रीही आहे. डोळे झाकून घेऊ ना?

उत्तर : डोळे उघडे ठेवून घ्या. गाडी चांगली असण्याची शक्यता आहे, पण हिस्ट्री दोन वर्षांपूर्वी थांबलीये आणि उभं राहणंही गाडीला सोसत नाही. टाकीतलं पेट्रोल शिळं झालेलं असणार, बॅटरी गेली असं धरूनच चाला, ब्रेकच्या डिस्कवर गंज, हँडब्रेक ओढून ठेवला असेल तर मागे जाम झालेला असू शकतो, रबरी सील आणि होज कडक होतात, उंदरांनी वायरी कुरतडल्या असतील तर तो शोध वेगळाच. म्हणून जंप स्टार्ट देऊन थेट हायवेला नेऊ नका. आधी जुनं पेट्रोल काढा, ऑइल-फिल्टर बदला, ब्रेक उघडून बघा, मग चालू करा.

टायर खास बघा कारण ते फसवतात. नक्षी नवीकोरी दिसेल, पण दहा वर्षांचं रबर आतून चिवटपणा हरवून बसलेलं असतं. टायरच्या बाजूला डीओटी अक्षरांच्या ओळीत शेवटी चार आकडे असतात, २३१६ असेल तर २०१६ सालचा २३ वा आठवडा. बऱ्याच कंपन्या पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासा आणि दहा झाली की नक्षी कितीही असो बदला असं सांगतात. स्टेपनीपण त्यातच आली. हा सगळा खर्च आजोबांना नीट समजावून किमतीत धरा, आणि ओळखीतले आहेत म्हणून हे बोलायला लाजू नका, नाहीतर नंतर मनात राहतं आणि ओळख बिघडते.

प्रश्न : गाडी बघायला मेकॅनिक घेऊन गेलो तर विकणारा चिडला, म्हणाला विश्वास नसेल तर राहू द्या. आता काय?

उत्तर : राहू द्या. यापुढे फोनवरच आधी सांगत जा की मेकॅनिक बरोबर येणारे आणि गाडी लिफ्टवर घ्यायचीये, ज्याला चिडायचंय तो तिथेच चिडेल, तुमची फेरी वाचेल. त्याच फोनवर हेही सांगा की आम्ही यायच्या आधी गाडी सुरू करू नका. थंड इंजिन पहिल्यांदा सुरू होताना जे ऐकू येतं आणि मागून जो धूर दिसतो तो गरम इंजिनात दिसेलच असं नाही. निळसर धूर आला तर ऑइल जळतंय, दाट पांढरा गोडसर वासाचा धूर बराच वेळ थांबला नाही तर कूलंट आत जातंय, थंडीत सुरुवातीला निघणारी पातळ वाफ मात्र नेहमीची आहे. पोचल्यावर बॉनेटला हात लावून बघा. गरम लागलं तर बाकीचं सगळं बघून घ्या, पण पैसे देण्याआधी दुसऱ्या दिवशी सकाळी परत जा.